बाईकला स्कॅनर लावला, आकडे आले, आता ते वाचायचे कसे

बहुतेक लोक स्कॅनर लावतात, कोड बघतात, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो नवीन आणून बसवतात, आणि चार दिवसांनी तीच पिवळी लाइट परत लागली की स्कॅनरच्या नावाने बोंब मारतात. स्कॅनर काही खोटं बोललेला नसतो. पी०११८ असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की इंजिन टेंपरेचर सेन्सरच्या वायरवर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज दिसलं. सेन्सर मेलाय, वायर तुटलीय का कपलर ढिला आहे ते कोडला माहीतच नसतं, ते शोधायचं तुम्ही, आणि शोधायचं लाइव्ह डेटात, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांत. त्यातही एकटा आकडा बघून काही कळत नाही, त्याच क्षणी बाकीचे सेन्सर काय म्हणत होते ते शेजारी ठेवून बघावं लागतं. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे.

जोडणी पटकन उरकतो. युरो ५ या प्रदूषणाच्या नियमांच्या काळापासून बऱ्याच बाईकना सहा पिनचा लाल कपलर येतो, बहुतेक वेळा सीटखाली बॅटरीच्या आसपास रबरी टोपी घालून पडलेला असतो, त्याला सहा ते सोळा पिनची केबल लावली की कारचाच ब्लूटूथ अॅडॉप्टर चालतो. त्याआधीच्या गाड्यांना प्रत्येक कंपनीचा कपलर वेगळा, आणि चार पिना दिसल्या म्हणून कुठलीही चार पिनची केबल खुपसू नका, पिनांची मांडणी वेगळी असते, बारा व्होल्ट भलत्याच ठिकाणी गेले तर ईसीयूला हात जोडावे लागतील. ईएलएम ३२७ या अॅडॉप्टरमधल्या चिपचे स्वस्तातले क्लोन अर्ध्या कमांड समजत नाहीत, त्यामुळे अॅप जोडलं जात नसेल तर लगेच गाडीला दोष देऊ नका, आधी दुसरा अॅडॉप्टर लावून बघा. आणि अॅपमध्ये वीस-वीस आकडे एकदम लावून ठेवू नका. अॅडॉप्टर एकेक आकडा विचारत जातो, जेवढे जास्त आकडे तेवढा प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो, के-लाइन या जुन्या, एका वायरवरच्या संपर्कपद्धतीच्या गाडीत तर फारच हळू, त्यामुळे एका वेळी तीन-चार आकडेच निवडायचे.

आणि हो, इंजिन चालू ठेवून तपासणार असाल तर उघड्यावर. बंद शेडमध्ये दहा मिनिटं आयडलिंगला गाडी ठेवणं हा जिवाशी खेळ आहे.

चावी ऑन, इंजिन बंद

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त माहिती देणारी तपासणी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. सकाळी चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका, नुसते आकडे बघा.

इंजिन टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर हे दोन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत, दोन-तीन डिग्रीचा फरक चालतो, आणि दोन्ही बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजेत. हवा २४ म्हणतेय आणि थंड इंजिन ४५ म्हणतंय तर त्यातला एक खोटं बोलतोय, कुठला ते बाहेरच्या थर्मामीटरवरून कळेल. हा फरक कोड टाकत नाही कारण ४५ हा आकडा ईसीयूच्या दृष्टीने अगदी शक्य असलेला आकडा आहे, पण सकाळी सुरू होताना पेट्रोल कमी मिळतं आणि गाडी चारदा मारावी लागते आणि सगळे प्लग बदलत बसतात.

आकडा उणे ४० दिसला तर सर्किट उघडं आहे. हे उणे ४० कुठून येतं तर ओबीडीमध्ये, म्हणजे ईसीयू आणि स्कॅनरच्या बोलण्याच्या ठरलेल्या भाषेत, टेंपरेचर पाठवताना ४० मिळवून पाठवतात आणि टूल, म्हणजे स्कॅनर, ते ४० वजा करून दाखवतं, म्हणजे आलेला आकडा शून्य असला की स्क्रीनवर उणे ४०. उलट थंड गाडीला १३०-१४० दाखवत असेल तर वायर कुठेतरी अर्थ झाली आहे (म्हणजे गाडीच्या लोखंडाला टेकली आहे) किंवा सेन्सर आतून शॉर्ट आहे. सेन्सर का वायर हे ठरवायला सोपी युक्ती आहे. चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा, आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे. मग चावी बंद करून कपलरच्या दोन पिना एका छोट्या वायरने जोडा, चावी ऑन, आता आकडा एकदम वर टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर बदला. नाही झालं तर सेन्सरवर पैसे घालू नका, वायर तपासा. पण ही युक्ती फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरवर, तीन वायरवाल्या मॅप (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) किंवा थ्रॉटल (मूठ किती उघडली ते सांगणारा) सेन्सरवर अजिबात करायची नाही, तिथे ५ व्होल्टची लाइन असते. तपासताना एखादा कोड पडेल, घाबरू नका, शेवटी पुसून टाका.

इथे एक खोच आहे. काही ईसीयू सेन्सर गेला की स्वतःच्या मनाचा ठरलेला आकडा धरून चालतात आणि लाइव्ह डेटात तोच दाखवतात. म्हणजे तुम्हाला उणे ४० दिसणारच नाही, दिसेल छान ८०, पण थंड गाडीलाही ८०, गरम गाडीलाही ८०. जो आकडा हलत नाही त्याच्यावर संशय घ्यायचा.

आता मॅप सेन्सर. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास, दोन हजार मीटरवर ८० च्या जवळ. तुम्ही आहात त्या उंचीला जो दाब हवा त्याच्यापेक्षा आकडा ५-७ ने हुकला असेल तर ईसीयू पेट्रोलचा हिशोब पहिल्यापासूनच चुकवतोय.

थ्रॉटल सेन्सर बघताना टक्क्यांपेक्षा ग्राफ लावा. मूठ पूर्ण सोडलेली असताना ० टक्के दिसलं नाही म्हणून दचकू नका, बरीच टूल्स कच्चा आकडा दाखवतात आणि तो १२-१८ टक्के असू शकतो. व्होल्टमध्ये दाखवत असेल तर बंद असताना साधारण ०.५ ते ०.८ आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या आसपास. आता मूठ एकदम हळू, मुंगीच्या चालीने फिरवा आणि तितकीच हळू सोडा. रेघ सरळ चढली-उतरली पाहिजे. मध्ये कुठे खड्डा पडला, रेघ दात काढल्यासारखी वाकडी झाली तर सेन्सरच्या आतली घासपट्टी, म्हणजे ट्रॅक, झिजलाय, आणि तो झिजतो जिथे मूठ सगळ्यात जास्त वेळ असते तिथेच, म्हणजे बारीक थ्रॉटलला. गाडी सावकाश चालवताना झटके मारते आणि जोरात मारली की मख्खन चालते, त्यात हे नक्की तपासा.

बॅटरी १२.६ च्या जवळ पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. आणि मॅप आणि थ्रॉटल दोघांचे आकडे एकदमच वेडेवाकडे असतील तर दोन सेन्सर एका दिवशी जात नसतात, दोघांना मिळणारी ५ व्होल्टची लाइन किंवा दोघांची सामाईक अर्थ बघा. छोट्या गाड्यांत तर मॅप, थ्रॉटल आणि हवेचं टेंपरेचर तिन्ही एकाच डबीत थ्रॉटल बॉडीवर बसवलेले असतात, एक कपलर गंजला की तिघांचे कोड रांगेत येतात.

स्टार्टर मारताना

गाडी सुरूच होत नसेल तर स्टार्टर मारताना आरपीएमचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे सांगणारा) सिग्नल ईसीयूपर्यंत जात नाहीये, आणि तो नाही म्हणजे स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. त्याच वेळी व्होल्टेज बघा, ९-९.५ च्या खाली जात असेल तर बाकी काही शोधण्याआधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलचे नट, कारण तेवढ्या खाली ईसीयूच बंद पडून परत चालू होतो आणि तुम्हाला वाटतं सेन्सर गेलाय. मॅपचा आकडा स्टार्टर मारताना खाली आला पाहिजे, अजिबात हलला नाही तर इंजिन हवाच ओढत नाहीये, व्हॉल्व्हचं सेटिंग किंवा कॉम्प्रेशन तपासावं लागेल.

गाडी गरम होईपर्यंत

सुरू झाल्यावर इंजिन टेंपरेचरचा ग्राफ लावून सोडून द्या. लिक्विड कूल गाडीत रेघ एकसारखी चढते, ७० ते ८५ च्या मध्ये कुठेतरी थर्मोस्टॅट उघडतो तिथे जरा थबकते किंवा किंचित खाली येते, मग परत चढते आणि शंभर-एकशेपाचच्या आसपास फॅन लागतो. फॅन लागल्यावर आकडा उतरला पाहिजे. आकडा ६०-६५ लाच रेंगाळत असेल, विशेषतः रस्त्यावर, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, गाडी कायम थंड आहे समजून ईसीयू जास्त पेट्रोल टाकतोय आणि अॅव्हरेज पडण्याचं कारण तेच. एअर कूल गाडीत थर्मोस्टॅटचा प्रश्नच नाही, तिथे फक्त रेघ सलग चढतेय ना एवढं बघायचं.

सलग म्हणजे खरंच सलग. समजा रेघ ८४, ८४, ८५, मग एकदम उणे ४०, परत ८५ अशी दिसली. इंजिन काही अर्ध्या सेकंदात १२५ डिग्री थंड होऊन परत गरम होत नाही, ही वायर आहे. आता गाडी आयडलिंगला ठेवून ग्राफवर डोळा ठेवा आणि हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा, मग वायरिंगचा जुडगा बोटाने हलवत हलवत सेन्सरपासून मागे जा, कपलर, मग टाकीखालचा भाग, मग फ्रेमच्या गळ्याजवळ जिथे वायरिंग वळतं तिथे. ज्या जागी हात लावल्यावर रेघ खाली पडते ती जागा टेप सोडवून बघा, बऱ्याचदा वरून इन्सुलेशन शाबूत आणि आत तांबं हिरवं पडलेलं असतं. मल्टिमीटरने ही वायर तपासली तर कित्येकदा चांगली निघते, कारण मीटर लावता तेव्हा ती हलत नसते.

आयडलिंगला गरम गाडीचं व्होल्टेज बघा, आणि थोडी रेस देऊन १३.५ ते १४.५ मध्ये येतंय ना ते बघा. इंजेक्टरचा वेळ, म्हणजे पेट्रोल टाकायला तो जेवढा वेळ उघडतो तो, साधारण दीड ते तीन मिलिसेकंद. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत, व्होल्टेज कमी असलं की इंजेक्टर उघडायला उशीर करतो म्हणून ईसीयू वेळ वाढवून देतो, म्हणून मिलिसेकंद जास्त दिसले की लगेच गाडी रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असा निकाल देऊ नका. मॅपचा आयडलिंगचा आकडा सिंगल सिलिंडर गाडीत खूप नाचतो, कारण एकच पिस्टन थांबून थांबून हवा ओढतो आणि टूल कधी कुठल्या क्षणाचा आकडा उचलेल सांगता येत नाही. कारच्या चार्टमधले ३० ते ४० इथे शोधू नका.

ओटू सेन्सर आणि फ्युएल ट्रिम, इथे जरा थांबा

साधा ओटू सेन्सर, म्हणजे सायलेन्सरमधला ऑक्सिजन बघणारा सेन्सर, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खेळतो. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन उरलेला असला की व्होल्टेज खाली, म्हणजे लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), ऑक्सिजन संपलेला असला की वर, म्हणजे रिच. मधली रेषा ०.४५. ईसीयू गाडी या रेषेवर धरायला जातो, पण ती धरता येत नाही म्हणून थोडं पेट्रोल जास्त, थोडं कमी असं झोक्यासारखं करत राहतो, आणि आपल्याला वर-खाली जाणारी रेघ दिसते. वर-खाली होतंय म्हणजे बिघाड असं वाटून घाबरणारे खूप आहेत, उलट रेघ सपाट असली तर घाबरा.

पण सपाट रेघ बघायच्या आधी सेन्सर गरम आहे का ते बघा. तो साधारण ३०० डिग्रीच्या पुढेच काम करतो. छोट्या गाड्यांत एका वायरचा बिनहीटरचा सेन्सर असतो, आयडलिंगला उभी ठेवली की तो थंड पडतो, ०.४५ ला किंवा शून्याजवळ झोपतो, आणि ईसीयू त्याचं ऐकणं बंद करून स्वतःच्या टेबलवर, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या पेट्रोलच्या हिशोबावर, चालतो. अशा वेळी ३००० आरपीएमला दोन मिनिटं धरा, मग बघा, सेकंदाला एकदा तरी रेषा ओलांडली पाहिजे. त्याहून हळू दिसत असेल तर अॅपमधले बाकीचे आकडे काढून एकटा ओटू ठेवा, पुष्कळदा हळू सेन्सर नसतो, अॅडॉप्टर असतो.

सेन्सर जिवंत आहे का हे कळायला मूठ झटक्यात उघडा, ०.८ च्या पुढे गेला पाहिजे. मग एकदम सोडा. वरच्या आरपीएमवरून मूठ सोडली की ईसीयू पेट्रोल पूर्ण तोडतो, सायलेन्सरमध्ये नुसती हवा जाते, व्होल्टेज शून्याजवळ आलं पाहिजे. दोन्हीकडे लगेच गेला तर सेन्सर उत्तम आहे, आता तो लीन म्हणतोय तर त्याला बदलू नका, त्याचं ऐका.

फ्युएल ट्रिम म्हणजे टेबलात लिहिलेल्या पेट्रोलपेक्षा ईसीयू किती जास्त किंवा कमी टाकतोय. प्लस म्हणजे जास्त टाकतोय, मायनस म्हणजे कमी. काही टूल टक्क्यांऐवजी १.०० असा गुणक दाखवतात, १.०८ म्हणजे ८ टक्के जास्त. प्लस-मायनस १० च्या आत असेल तर त्याच्या मागे लागू नका. पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं की आकडा थोडा प्लसकडे झुकतोच, कारण शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते तर १० टक्के इथेनॉलवाल्याला १४.१ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त.

ट्रिम प्लस १८ आहे, एवढं वाचून काहीच करता येत नाही. कधी प्लस आहे ते बघा. आयडलिंगला प्लस १८ आणि ४००० आरपीएमला प्लस ४ असेल तर कुठेतरी बाहेरची हवा ओढली जातेय, इनटेकचा रबर चिरलाय नाहीतर व्हॅक्यूम पाइप निघालाय, कारण आयडलिंगला मुळात हवाच थोडी असते त्यात ही चोरटी हवा मोठी वाटते आणि थ्रॉटल उघडला की ती त्यात बुडून जाते. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर दिल्यावर प्लस वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

आणि एक फसवणूक लक्षात ठेवा. गाडी मिसिंग करत असेल तर सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही पण ऑक्सिजनही जळत नाही, तो तसाच सायलेन्सरमध्ये येतो, सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणतो, ईसीयू बिचारा आणखी पेट्रोल ओततो. मग प्लग काळाकुट्ट आणि टूलवर लीन असं उलटंपालटं चित्र दिसतं. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा बेंड लीक असला तरी तसंच, बाहेरची हवा आत जाते आणि खोटा लीन येतो. म्हणून पी०१७१ हा लीनचा कोड आला की आधी प्लग काढून बघा आणि बेंडच्या जोडावर काळा धूर बसलाय का बघा.

रस्त्यावरचा लॉग

काही बिघाड उभ्या गाडीत येतच नाहीत. अॅपमध्ये रेकॉर्डिंग चालू करा, फोन खिशात टाका, गाडी चालवा, घरी येऊन वाचा. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, त्यात काही मर्दुमकी नाही.

समजा तक्रार अशी आहे की ओव्हरटेकला मूठ पिळली की गाडी दोन सेकंद पळते आणि मग दाबल्यासारखी होते. लॉगमध्ये तो क्षण शोधा. थ्रॉटल १५ वरून ७० टक्के, मॅप वर जाऊन ९५, चावी ऑनला तो ९७ होता, म्हणजे हवेला अडथळा नाही. इंजेक्टरचे मिलिसेकंद वाढतायत, म्हणजे ईसीयू पेट्रोल मागतोय. ओटू आधी ०.८५, आणि दोन सेकंदांनी घसरून ०.१ ला पडला. हवा आली, हुकूम गेला, पेट्रोल आलं नाही. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर, पण ते उघडायच्या आधी टाकीचं झाकण जरा सैल ठेवून तीच चाचणी घ्या, झाकणाचा श्वास घ्यायचा भोक बुजलेला असला तरी हुबेहूब हेच दिसतं. बहुतेक बाईकना पेट्रोलच्या दाबाचा सेन्सरच नसतो, तो आकडा कुठल्याही टूलवर येणार नाही, त्याला गेजच लावावा लागतो.

याच लॉगमध्ये मूठ पूर्ण पिळूनही मॅप ७५ च्या वर जात नसता तर गोष्ट वेगळी होती, मग एअर फिल्टर नाहीतर थ्रॉटल पूर्ण उघडत नाहीये, आणि ते थ्रॉटलच्या टक्क्यांवरून लगेच कळलं असतं.

कोड पुसण्याआधी

कोडसोबत फ्रीझ फ्रेम असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, टेंपरेचर, मॅप सगळं तिथे असतं आणि कोड पुसला की तेही जातं. टेंपरेचर ३० आणि आरपीएम १४०० असेल तर कोड थंड आयडलिंगला पडलाय, मग गरम गाडी दामटून तपासण्यात अर्थ नाही. पुसल्यावर बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकलेले ट्रिमही जातात, त्यामुळे सुरुवातीला आयडलिंग जरा वर-खाली झालं तर लगेच परत स्क्रू पिळायला घेऊ नका, गाडी नीट गरम करून सगळ्या स्पीडला थोडी चालवा आणि मग ट्रिम बघा.

काम झालं की अॅडॉप्टर काढून घ्या. चावी बंद असली तरी तो करंट खात राहतो, बाईकची बॅटरी छोटी, आणि मग स्टार्टर मारताना व्होल्टेज ९ च्या खाली का जातंय ते शोधत बसाल.